फळ्यांतून घडलेली तुळई : फायरप्लेसचे मँटल आणि जाड लाकडाच्या टंचाईचा इतिहास

सारांश

युरोपीय घरातील फायरप्लेसच्या माथ्यावर बसवले जाणारे लाकडी मँटल मुळात धुराड्याच्या भिंतीचे ओझे पेलणारी अखंड तुळई होती. कालांतराने हे ओझे विटांच्या कमानीने आणि लोखंडी पट्टीने उचलले. तुळईचे काम संपले, पण तिच्या जाडीची प्रतिष्ठा टिकून राहिली. याच काळात मोठे वृक्ष दुर्मीळ होत गेले आणि लहान फळ्या जोडून जाड लाकूड घडवण्याची रीत रूढ झाली. या रीतीकडे बहुधा नक्कल म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात तिचा विचार टंचाईला दिलेले उत्तर म्हणून केला असून, त्याच टंचाईच्या दुसऱ्या उत्तराशी, म्हणजे दूरच्या अरण्यांतील वृक्षतोडीशी, तिची तुलना केली आहे.

बीजसंज्ञा : मँटल, तुळई, जोडलाकूड, सागवान, डोलकाठी, सत्य आणि देखावा

१. प्रस्तावना

इतिहासलेखनात राजवाडे, किल्ले आणि मंदिरे यांना जे स्थान मिळते ते घरातील लाकडी वस्तूंना क्वचितच मिळते. वस्तू जितकी नेहमीची, तितकी ती अभ्यासकाच्या नजरेतून सुटण्याची शक्यता अधिक. तथापि सुताराने दोन फळ्यांमध्ये घातलेला जोड हासुद्धा एक दस्तऐवज असतो. त्या काळी कोणते लाकूड मिळत होते, ते किती जाडीचे होते, श्रम स्वस्त होते की साहित्य आणि घरमालकाला शेजाऱ्यापुढे काय मिरवायचे होते, हे सर्व त्या जोडात नोंदलेले असते.

या दृष्टीने फायरप्लेसवरील मँटल ही अभ्यासण्याजोगी वस्तू आहे. आज पाश्चात्त्य घरांत आठ-दहा इंच जाडीची तुळई वाटणारे मँटल पुष्कळदा पाऊण इंची फळ्यांचा पोकळ खोका असतो. अशा मँटलला ‘खोटी तुळई’ म्हणण्याची पद्धत आहे. ही तुळई खोटी ठरते ती नेमकी कोणत्या अर्थाने, आणि जाड लाकूड अखंडच असले पाहिजे ही अपेक्षा आली कोठून, या दोन प्रश्नांचा मागोवा ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. विवेचन प्रामुख्याने इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी व अमेरिका येथील असून, मुंबई आणि मलबार यांचा या इतिहासाशी प्रत्यक्ष संबंध येतो तेथे त्यांचा विचार केला आहे.

२. तुळई ते मँटल

मध्ययुगीन इंग्लंडमधील सामान्य घरात चूल दालनाच्या मध्यभागी असे आणि धूर छपरातून वाट काढी. सोळाव्या शतकात विटांचे धुराडे सामान्य घरांतही येऊ लागले. विल्यम हॅरिसन याने १५७७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या वर्णनात गावातील वृद्धांच्या तोंडून या बदलाची नोंद केली आहे. त्यांच्या आयुष्यात झालेल्या ठळक बदलांत नव्याने उभ्या राहिलेल्या असंख्य धुराड्यांचा उल्लेख येतो.

धुराडे भिंतीत आल्यावर एक बांधकामाचा प्रश्न निर्माण झाला. आगीसमोरचे रुंद तोंड मोकळे ठेवायचे आणि त्यावरील विटांची भिंत मात्र खाली येऊ द्यायची नाही. हे काम ओकच्या एका भक्कम तुळईवर सोपवले गेले. ही तुळई जाड असणे ही शोभेची बाब नव्हती, ती गरज होती. ओक बहुधा ओला असतानाच घडवला जाई. बसवल्यानंतर तो वाळे, आकसे आणि त्याला लांब भेगा पडत. जुन्या घरांतील अशा तुळयांवर या भेगा आणि ज्योतीने पडलेले काळे डाग आजही दिसतात.

पुढे दोन बदल घडले. विटांची कमान व लोखंडी पट्टी वापरात आल्याने तोंडावरचे ओझे लाकडाकडून काढून घेतले गेले. दुसरीकडे इनिगो जोन्स याच्या काळापासून अभिजात शैलीची, स्तंभ आणि कंगोरे असलेली फायरप्लेसची चौकट प्रतिष्ठित झाली. १६६६ च्या लंडनमधील महाभयंकर आगीनंतर पुनर्बांधणीसाठी नॉर्वे आणि बाल्टिक किनाऱ्यावरून येणाऱ्या देवदार-जातीच्या लाकडाची मागणी वाढली. हे लाकूड चिरलेल्या फळ्यांच्या स्वरूपात येई. अठराव्या शतकातील सुतार ओकची तुळई तासण्याऐवजी या फळ्यांतून मँटलची चौकट उभारू लागला.

बॅटी लँग्ली याच्या १७४० च्या नमुनापुस्तकातून, आणि पुढे अमेरिकेत अ‍ॅशर बेंजामिन याच्या १७९७ व १८०६ च्या पुस्तकांतून, फायरप्लेसच्या चौकटींचे आराखडे गावोगावच्या सुतारांपर्यंत पोहोचले. रॉबर्ट अ‍ॅडम (१७२८–१७९२) याच्या शैलीत तर पांढऱ्या लाकडावर खडूची पूड, सरस, राळ व जवसाचे तेल यांच्या मिश्रणाची साच्यातून काढलेली नक्षी चिकटवून वर रंग दिला जाई. अशा मँटलचा रुंद माथा म्हणजे एकावर एक, थोड्या पुढे काढलेल्या लहान पट्ट्यांची उतरंडच असे. दिसण्यात ते एकसंध आणि भारदस्त दिसे. म्हणजेच फळ्यांतून जाडी घडवणे ही आधुनिक काळातील काटकसर नसून ती किमान अडीच शतकांची प्रस्थापित रीत आहे.

३. जाडी घडवण्याची रीत

या रीतीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतील भेद पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

पहिला प्रकार पोकळ खोक्याचा. समोरची, वरची आणि खालची अशा तीन फळ्या लांबीच्या कडेला ४५ अंशांत कापून जोडतात. शक्य तर तिन्ही पट्ट्या एकाच रुंद फळीतून काढतात, म्हणजे लाकडाच्या रेषा कोपऱ्यावरून वळून पुढे गेल्यासारख्या दिसतात आणि जोड नजरेला येत नाही. आतल्या कोनात लहान ठोकळे सरसाने चिकटवून जोड बळकट करतात. भिंतीत एक जाड पट्टी पक्की बसवून त्यावर हा खोका सरकवला जातो. सहा फूट लांब, आठ इंच खोल व सहा इंच उंच मँटल पाऊण इंची फळ्यांतून असे केल्यास अखंड तुळईच्या सुमारे एक तृतीयांश लाकडात काम भागते आणि भिंतीवरील भारही त्याच प्रमाणात घटतो.

दुसरा प्रकार थरांचा. फळ्या रंधून सपाट करायच्या, सरस लावून एकावर एक ठेवायच्या आणि शिकंज्यात आवळून एक भरीव ओंडका तयार करायचा. यात लाकूड वाचत नाही. वाचतो तो मोठा वृक्ष.

दोन्ही प्रकारांमागे लाकडाचा एकच स्वभाव आहे. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, परंतु आडव्या दिशेने आकसते. त्यातही वर्षवलयांच्या स्पर्शरेषेतील आकसणे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेतील आकसण्याच्या साधारण दुप्पट असते. त्यामुळे गाभा आत असलेली जाड तुळई वाळताना फाटणे जवळपास अटळ ठरते. उघड्या हवेत वाळवताना एक इंच जाडीला एक वर्ष असा सुतारांचा जुना ठोकताळा आहे. आठ इंची तुळई पूर्ण वाळण्याची वाट कोणता घरमालक पाहणार? शिवाय फायरप्लेसच्या उष्ण व कोरड्या हवेत हा दोष अधिकच उघड होतो. पातळ फळ्या मात्र लवकर आणि सारख्या वाळतात, त्यांतील सदोष भाग आधीच काढून टाकता येतो. या दृष्टीने पाहता जोडलेले मँटल अखंडापेक्षा अधिक स्थिर असू शकते.

आगीचे भान मात्र दोहोंनाही सारखेच ठेवावे लागते. अमेरिकेतील इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड या नियमसंहितेत फायरप्लेसच्या तोंडापासून सहा इंचांच्या आत लाकूड नसावे आणि बारा इंचांच्या आतील लाकूड तोंडापासूनच्या दर इंच अंतरामागे एक अष्टमांश इंचापेक्षा अधिक पुढे येऊ नये, असा दंडक आहे. जाडीचा मोह असला तरी तिची मर्यादा आग ठरवते.

जोडलेले मँटल ओळखायचे कसे? त्याचे उत्तर टोकाशी मिळते. अखंड तुळईच्या टोकावर वर्षवलये दिसतात, थरांच्या लाकडाच्या टोकावर आडव्या रेघा दिसतात, आणि खोक्याच्या टोकावर बहुधा लांब रेषांची एक फळीच बसवलेली असते. समोरून तिन्ही एकसारखी दिसली तरी टोक आपली जात सांगते. जुन्या घरांचा अभ्यास करणाऱ्याने म्हणूनच मँटलकडे आधी बाजूने पाहावे.

४. टंचाईची दोन उत्तरे

लहान फळ्यांची रीत केवळ दिवाणखान्यातील सजावटीतून वाढली असे मानणे चूक ठरेल. सतराव्या-अठराव्या शतकांत जाड व लांब लाकडाची सर्वांत मोठी मागणी आरमाराची होती. मोठ्या युद्धनौकेची मुख्य डोलकाठी एका वृक्षाची हवी, तर तो वृक्ष ब्रिटनमध्ये मिळत नव्हता. तो न्यू इंग्लंडमधील पांढऱ्या पाइनच्या अरण्यात होता. १६९१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत जमिनीपासून बारा इंचांवर चोवीस इंच किंवा अधिक व्यासाची झाडे राजाच्या आरमारासाठी राखीव ठरवण्यात आली. बाणाची खूण केलेली ही झाडे तोडण्यास वसाहतकऱ्यांना मनाई होती. १७७२ साली न्यू हॅम्पशायरमधील वेअर येथे या निर्बंधावरून दंगा झाला. एका झाडाच्या जाडीवरून राजसत्ता आणि प्रजा यांच्यात संघर्ष उभा राहावा, यातच त्या जाडीचे मोल दिसते.

१७७५ मध्ये अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले आणि हा पुरवठा तुटला. तेव्हा ब्रिटिश गोद्यांना बाल्टिककडील तुलनेने बारीक लाकडाचा आधार घ्यावा लागला. मधला एक दांडा, त्याभोवती खाचा पाडून बसवलेले तुकडे आणि वरून लोखंडी कडी, अशी अनेक तुकड्यांची डोलकाठी घडवणे ही कृती पूर्वीपासून माहीत होती. आता ती अपरिहार्य ठरली. हे टंचाईचे पहिले उत्तर होय. वृक्ष लहान आहे, म्हणून कौशल्य मोठे करायचे.

दुसरे उत्तर वेगळे होते. जेथे अजून मोठे वृक्ष आहेत तेथे जायचे. ब्रिटनमधील ओकची चणचण वाढली तेव्हा आरमाराची नजर मुंबईच्या गोदीकडे आणि मलबारच्या सागवानाकडे वळली. वाडिया घराण्यातील जमशेटजी बोमनजी यांच्या देखरेखीखाली १८१० साली मिंडेन ही युद्धनौका आणि १८१७ साली त्रिंकोमाली ही फ्रिगेट मुंबईत पाण्यात उतरली. त्रिंकोमाली आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहता येते. मुंबईच्या कारागिरांच्या कौशल्याचा तो अभिमानास्पद पुरावा आहे, यात शंका नाही. परंतु त्याच नौकेच्या सागवानामागे मलबारच्या अरण्याचा इतिहासही आहे. १८०६ साली कॅप्टन वॉटसन या अधिकाऱ्याची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली आणि सागवानावर कंपनीची मक्तेदारी लादण्यात आली. स्थानिक जमीनधारक व लाकूडव्यापारी यांच्या असंतोषामुळे १८२३ साली ही व्यवस्था मोडीत काढावी लागली. पुढे १८४० च्या दशकात कनोली यांच्या पुढाकाराने निलंबूर येथे सागवानाची लागवड सुरू झाली, आणि १८४७ साली मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन वनसंरक्षक झाले. ‘संरक्षण’ हा शब्द भारताच्या वनप्रशासनात आला तो तोड आधी होऊन गेल्यानंतर.

ही दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे ‘खरी तुळई’ आणि ‘खोटी तुळई’ या शब्दांमागील मूल्यभाव तपासावा लागतो. अखंड जाडीची किंमत घरमालकाने मोजलेल्या पैशांत संपत नाही. तिचा एक भाग दूरच्या कोणत्या तरी अरण्याने आणि तेथील माणसांनी चुकवलेला असतो.

५. फळ्यांनी पेललेले छत

लहान फळ्या केवळ देखावा करतात, ओझे पेलू शकत नाहीत, असा आक्षेप येथे घेतला जाईल. इतिहास त्याचे स्पष्ट खंडन करतो. फ्रेंच वास्तुविशारद फिलिबेर द लॉर्म याने १५६१ साली ‘कमी खर्चात उत्तम बांधकाम’ या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मोठी लाकडे दुर्मीळ व महाग झाली आहेत, म्हणून आखूड फळ्या उभ्या ठेवून, त्यांचे सांधे एकमेकांआड येतील अशा रीतीने खुंट्यांनी जोडून कमानी कराव्यात, अशी त्याची पद्धत होती. १७८३ साली पॅरिसच्या धान्यबाजारावर याच पद्धतीने लग्रां आणि मोलिनो यांनी सुमारे ३९ मीटर व्यासाचा लाकडी घुमट उभारला. १७८६ मध्ये थॉमस जेफरसन याने तो पाहिला आणि पुढे आपल्या माँटिसेलो येथील घराच्या घुमटासाठी द लॉर्मची पद्धत वापरली. पॅरिसचा घुमट १८०२ साली जळाला आणि त्याची जागा लोखंडी घुमटाने घेतली. लाकडाचा अंत येथेही आगीनेच केला, सांध्यांनी नव्हे.

१७९७ साली डेव्हिड गिली याने प्रशियात फळ्यांच्या छपरांचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले. १८२५ साली कर्नल एमी याने बायॉनजवळ पातळ फळ्या आडव्या वाकवून, बोल्ट आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळून कमानी उभारल्या. खुंटी आणि बोल्ट यांची जागा चिकट द्रव्याने घेतली ती वायमारच्या ओटो हेट्झर याच्या १९०६ च्या पेटंटमुळे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील पेश्टिगो येथे १९३४ साली एका शाळेच्या व्यायामशाळेसाठी अशा चिकटवलेल्या कमानी उभ्या राहिल्या, आणि मॅडिसन येथील फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने त्यांच्या बळाचा शास्त्रीय अभ्यास केला. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस ओलाव्याने सुटतो, ही जुनी अडचण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कृत्रिम रेझिनांनी दूर केली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मँटलचा थरांचा ओंडका आणि व्यायामशाळेची कमान यांचे कूळ एकच आहे. फरक आहे तो कामाचा. कमान ओझे पेलते, तर मँटल पूर्वी पेललेल्या ओझ्याची आठवण सांगते.

६. सत्य आणि देखावा

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाला नैतिक रूप दिले ते जॉन रस्किन याने. १८४९ च्या ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात त्याने वास्तुकलेतील फसवणुकीचे तीन प्रकार सांगितले. खऱ्या आधाराऐवजी दुसराच आधार असल्याचे भासवणे, पृष्ठभाग रंगवून दुसऱ्या साहित्याचा आभास निर्माण करणे आणि यंत्राने वा साच्याने केलेली नक्षी हातकामाच्या जागी वापरणे. या कसोटीवर अ‍ॅडम शैलीचे मँटल तिन्ही अंगांनी दोषी ठरेल.

परंतु रस्किनच्याच विवेचनात एक सूक्ष्म सूट आहे. विटांच्या भिंतीवर संगमरवराचे पातळ थर लावणे त्याने फसवणूक मानले नाही, कारण भिंत अखंड संगमरवराची नाही हे पाहणारा जाणतो. म्हणजे दोष साहित्याच्या जाडीत नसून पाहणाऱ्याच्या अज्ञानाचा लाभ घेण्यात आहे. हाच निकष मँटलला लावला तर न्यायनिवाडा बदलतो. फायरप्लेसवरील तुळई भिंत पेलत नाही, हे आज सर्वांना ठाऊक आहे. म्हणून जोडलेले मँटल कोणाला फसवत नाही. तेच मँटल ‘अखंड ओक’ म्हणून अखंडाच्या किमतीला विकले गेले, तर मात्र ती फसवणूक होय. खोटेपणा फळीत नसतो, विकणाऱ्याच्या शब्दात असतो.

रस्किनच्या कसोटीत आणखी एक उणीव जाणवते. साहित्य प्रामाणिक आहे की नाही हे त्याने विचारले, पण ते साहित्य कोठून आले हे विचारले नाही. अखंड सागवानी तुळई त्याच्या दृष्टीने निर्दोष ठरते. मलबारमधील वनवासी वा लाकूडव्यापारी यांच्या दृष्टीने तिचा निवाडा कदाचित वेगळा झाला असता.

७. आपल्याकडील संदर्भ

महाराष्ट्राच्या हवामानात फायरप्लेस हा घराचा अविभाज्य भाग कधीच नव्हता. त्यामुळे मँटलचा इतिहास येथे जसाच्या तसा लागू करणे योग्य होणार नाही. परंतु जाड लाकडाची प्रतिष्ठा आपणांस अपरिचित नाही. पेशवाईतील वाड्यांचे वैभव सागवानी खांब, हस्त आणि तुळया यांवर उभे होते. १७३२ साली पूर्ण झालेला शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला तेव्हा दगडी जोते आणि तट उरले, लाकूड उरले नाही.

आज उलट दिशेची एक प्रक्रिया आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. जुने वाडे पाडले जातात, त्यांतील तुळया जुन्या लाकडाच्या बाजारात येतात आणि चिरून त्यांच्या फळ्या होतात. तेथे फळ्यांतून तुळई घडली, येथे तुळईतून फळ्या निघत आहेत. त्या तुळयांवरील कुसवे, खाचा आणि सुतारांच्या खुणा करवतीखाली जाण्यापूर्वी त्यांची मोजमापे व छायाचित्रे घेणे, कोणत्या वाड्यातील कोणती तुळई किती लांबीची होती याची नोंद करणे, हे काम महाविद्यालयीन इतिहास विभागांना अल्प खर्चात करता येण्याजोगे आहे. दप्तरखान्यातील कागद उद्याही मिळेल, चिरलेल्या तुळईवरील खूण मिळणार नाही.

८. निष्कर्ष

(१) मँटलची जाडी प्रथम बांधकामाची गरज होती, पुढे ती प्रतिष्ठेची खूण झाली. ओझे हटल्यावरच ती पोकळ होऊ शकली.

(२) लहान फळ्यांतून मोठे लाकूड घडवणे हे केवळ अनुकरण नसून मोठ्या वृक्षांच्या टंचाईला दिलेले तांत्रिक उत्तर आहे. डोलकाठी, घुमट आणि कमान यांनी त्याचे बळ सिद्ध केले आहे.

(३) त्याच टंचाईचे दुसरे उत्तर दूरच्या अरण्यांवरील हक्क हे होते आणि त्याची झळ मलबारला लागली.

(४) ‘खरे’ आणि ‘खोटे’ हा भेद वस्तूच्या भरीवपणावरून नव्हे, तर तिच्याविषयी केलेल्या दाव्यावरून ठरवला पाहिजे.

अखंड तुळईपुढे उभे राहिल्यावर आपण वृक्षाचे कौतुक करतो. जोडलेल्या तुळईपुढे कौतुक सुताराचे व्हायला हवे. परंतु त्याचे काम जितके उत्तम, तितके ते अदृश्य असते. समोरून न दिसणाऱ्या या कामाची दखल घेण्यासाठी इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे बाजूला सरकून टोकाकडे पाहण्याची सवय लावून घेतली पाहिजे.